समासातली पेन्सिल

प्रश्न : दादरच्या ग्रंथालयातून आणलेल्या बालकवींच्या संग्रहात ‘औदुंबर’च्या शेवटच्या ओळीशेजारी आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने ‘मृत्यूची चाहूल’ असे लिहून ठेवले आहे. निवृत्तीनंतर मी चरित्रे आणि आत्मचरित्रेच अधिक वाचते, त्यामुळे बालकवी १९१८ साली भादली येथे रेल्वे अपघातात गेले हे मला ठाऊक होतेच. पण ते दोन शब्द वाचल्यापासून कवितेतले झाड दिसेनासे झाले आहे. कवीचे चरित्र आधी वाचायलाच नको होते का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ग्रंथालयाच्या पुस्तकांत लिहिणाऱ्यांचा मला रागच येतो, तरी या वाचकाला अगदीच निराधार म्हणता येणार नाही. चार घरांच्या चिमुकल्या गावातून निघालेली पांढरी पायवाट हिरव्या कुरणांमधून शेवटी काळ्या डोहाकडेच जाते. मात्र ती सावली कवितेची स्वतःची आहे. रेल्वेचा रूळ तिथे आपण नेऊन टाकतो, कारण सत्ताविसाव्या वर्षी काय होणार हे आपल्याला माहीत असते आणि लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हते. शिवाय पाण्यावर पसरलेल्या काळिम्याला बालकवींनी ‘गोड’ म्हटले आहे, आणि पेन्सिलवाल्याने नेमका तोच शब्द सोडून दिला आहे.

चरित्रे वाचणे थांबवू नका. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण वाचली असतीलच. नसल्यास १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागापासून सुरुवात करा. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईंनी, १८९५ साली नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर सोसलेली ताटातूटही अशा हसऱ्या, घरगुती मराठीत सांगितली आहे की दुःख वाचकाच्या ध्यानात जरा उशिराच येते. नगरला टिळकांच्या घरी राहिलेले ठोंबरे, म्हणजेच आपले बालकवी, त्यांच्या आठवणींत घरच्या मुलासारखे वावरतात. त्या मुलाची ओळख झाली की माणसाविषयी माया वाटू लागते, पण ‘औदुंबर’मधल्या एकाही शब्दाचा अर्थ त्यातून लागत नाही, आणि आठवणींकडून तशी अपेक्षा करणे हा त्यांच्यावरही अन्यायच.

आता समास हाताने झाकून त्या आठ ओळी एकदा मोठ्याने म्हणा. औदुंबर पाण्यात पाय टाकून बसला आहे, आणि ‘असला’ या शब्दाशी आवाज किंचित रेंगाळतो.