पँडोराची पेटी की पँडोराचा रांजण?

प्रश्न असा आला आहे: “वर्तमानपत्रांत ‘पँडोराची पेटी उघडली’ असं नेहमी वाचतो. अलीकडे एका लेखात मात्र ‘पँडोराचा रांजण’ वाचलं. मूळ ग्रीक कथेत रांजणच आहे, पेटी चुकीची आहे, असं लेखकाचं म्हणणं. मग यापुढे काय लिहायचं? आणि हिंदीसारखं ‘पेटारा’ म्हटलं तर चालेल का?”

लिहायचं ‘पेटी’च. लेखकाची माहिती बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. ग्रीक कथेत रांजण आहे हे खरं. आपण वापरतो तो वाक्प्रचार मात्र ग्रीक नव्हेच. तो सोळाव्या शतकातल्या लॅटिनमधून आला आहे आणि त्याचं जन्मगाव, जन्मसालही सांगता येतं: व्हेनिस, १५०८.

आधी रांजणाचं बघू. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीने ही कथा सांगितली, तेव्हा त्याने ‘पिथॉस’ हा शब्द वापरला. पिथॉस म्हणजे धान्य, तेल, दारू साठवायचं मातीचं भलंमोठं भांडं, पुष्कळदा जमिनीत अर्धं पुरलेलं. क्रीट बेटावर क्नोसॉसच्या राजवाड्यात असे पिथॉस रांगेने सापडले, त्यांतले काही माणसाच्या उंचीचे आहेत. मराठीला इथे शब्द शोधावा लागत नाही, रांजण तंतोतंत बसतो. (ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनीस ‘पिंपात’ राहायचा असं आपण वाचतो, तेही पिथॉसच. पाठ्यपुस्तकातल्या चित्रकारांनी उगाच त्याला लाकडी पिंपात कोंबलं आहे.) पँडोरा, म्हणजे या कथेतली पहिली बाई, रांजणाचं झाकण काढते, रोगराई आणि दुःखं जगभर पसरतात, आणि आशा तेवढी काठाच्या आत राहते. हा रांजण तिथे आला कुठून, हे हेसिअड सांगत नाही. अंगाखांद्यावर घेऊन येण्यासारखी ती वस्तूच नाही. घरात रांजण असायचाच, इतकं साधं ते असावं.

मग पेटी आणली कोणी? रॉटरडॅमच्या इरॅस्मसने. हा माणूस म्हणजे त्या काळातला युरोपचा सगळ्यात नावाजलेला पंडित. चर्चच्या भोंगळपणावर त्याने इतके कोरडे ओढले की लोक म्हणू लागले, इरॅस्मसने अंडं घातलं आणि चर्चविरुद्ध बंड करणाऱ्या ल्यूथरने ते उबवलं. त्यावर १५२४ मध्ये त्याने एका पत्रात उत्तर दिलं, ते असं: मी घातलं होतं कोंबडीचं अंडं, ल्यूथरने उबवून काढलेला पक्षी निराळाच आहे!

तर या इरॅस्मसला ग्रीक-लॅटिन म्हणी जमवायचा नाद होता. १५०० साली पॅरिसमध्ये त्याने आठशेच्या वर म्हणींचं एक पुस्तक काढलं. पुढे तो व्हेनिसला आल्डस मानुटियसच्या छापखान्यात जाऊन बसला. एकीकडे हा लिहितोय, दुसरीकडे खिळे जुळवले जातायत, अशा धांदलीत १५०८ ची आवृत्ती निघाली आणि म्हणी तीन हजारांच्या पुढे गेल्या. तो १५३६ मध्ये वारला तोवर चार हजारांचा आकडाही ओलांडला होता. मगरीचे अश्रू त्यात आहेत. आंधळ्यांच्या देशात काणा राजा आहे, म्हणजे आपल्याकडची वासरांत लंगडी गाय.

त्यातच एक म्हण आहे: मूर्खाला शहाणपण येतं ते फटका बसल्यावर. ती समजावताना इरॅस्मस पँडोराची गोष्ट सांगतो. तिचा नवरा एपिमीथियस. देवांचा राजा झ्यूस, त्याच्याकडून आलेली भेट घेऊ नकोस, असं भावाने, प्रॉमीथियसने, बजावलेलं असूनही त्याने ती, म्हणजे पँडोराच, घेतली, आणि नंतर त्याचे डोळे उघडले. एपिमीथियस या नावाचा अर्थच मुळी मागाहून विचार करणारा. मराठीत वरातीमागून घोडं. ही गोष्ट सांगताना इरॅस्मसने पिथॉसच्या जागी लिहिलं ‘पिक्सिस’.

पिक्सिस म्हणजे झाकणाची छोटी डबी. बायका तीत लेप-रंग ठेवत, वैद्य औषध ठेवत. खरं तर आपला कुंकवाचा करंडा. आता रांजणाचा करंडा कसा झाला? पिथॉस आणि पिक्सिस ऐकायला जवळचे, हे एक कारण असू शकेल. पण अभ्यासकांचा संशय दुसऱ्या एका गोष्टीवर आहे आणि मलाही तोच पटतो. अपुलेयस या रोमन लेखकाच्या लॅटिन कथेत सायकी नावाची मुलगी पाताळातून एक पिक्सिस घेऊन येते. उघडू नकोस असं बजावलेलं असताना उघडते, आणि आतून सौंदर्याऐवजी मरणासारखी झोप बाहेर पडते. बाई, झाकण, न राहवणं, आतून निघालेलं संकट: दोन्ही गोष्टींचा सांगाडा एकच. छापखान्यातली मुलं मजकुरासाठी खोळंबलेली असताना इरॅस्मसच्या डोक्यात त्यांची सरमिसळ झाली असेल, तर त्यात नवल नाही.

गंमत अशी, की चुकीचे पाठ दुरुस्त करण्यातच या माणसाची हयात गेली. १५१६ मध्ये बाझेलला त्याने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, तो जुन्या लॅटिन पाठातल्या चुका दिसाव्यात म्हणून. त्याच सुमारास एका पत्रात तो एका अडाणी पाद्र्याचा किस्सा सांगतो. हा पाद्री लॅटिन प्रार्थनेत ‘सुम्प्सिमुस’च्या ऐवजी ‘मुम्प्सिमुस’ म्हणायचा, आणि कोणी चूक दाखवली तरी आपलं मुम्प्सिमुस सोडायला तयार नव्हता. आता ‘पेटी’चा आग्रह धरून मीही मुम्प्सिमुसवाला झालो, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. पाद्र्याचा शब्द त्याच्यापुरताच होता. पेटी पाचशे वर्षं युरोपभर चालली आहे.

तसंही इरॅस्मसच्या हातून असं एकदाच झालं नाही. ‘अंजिराला अंजीर आणि काथवटीला काथवट म्हणणं’ अशी स्पष्टवक्तेपणाची एक ग्रीक म्हण होती. त्याने काथवटीची कुदळ केली. निकोलस युडॉलने १५४२ मध्ये ती इंग्रजीत नेली आणि इंग्रजांचं ‘फावड्याला फावडं म्हणणं’ तिथून आलं. भांड्यांच्या बाबतीत पंडितजी कच्चे होते म्हणायचे!

इरॅस्मस गेल्यावर १५५९ मध्ये पोपने त्याचे सगळे ग्रंथ निषिद्ध ठरवले. म्हणींचं पुस्तक मात्र शिकवणाऱ्यांना हवंच होतं. शेवटी १५७५ मध्ये फ्लॉरेन्सला त्याची काटछाट केलेली आवृत्ती निघाली. ती सिद्ध करणारा होता आल्डसचाच मुलगा पाउलुस, आणि पुस्तकावरून इरॅस्मसचं नाव गाळलेलं होतं.

आपल्याकडे हा वाक्प्रचार इंग्रजीतून आला. करंडा वाढत वाढत एव्हाना पेटीएवढा झाला होता, तो आपण तसाच घेतला. हेसिअडचं भाषांतर करणाऱ्याने अवश्य ‘रांजण’ लिहावं, तिथे ‘पेटी’ चूकच ठरेल. अग्रलेखात रांजण आणला तर वाचकाला पाणी आठवेल. आणि ‘पेटारा’ म्हटलं की मराठी माणूस थेट आग्र्याला जातो, मिठाईचे पेटारे बघायला. त्यातून काय बाहेर आलं असं विचारलं तर तो आनंदाने सांगेल, महाराज!

शब्दापेक्षा मला वापराची काळजी जास्त वाटते. ‘हे ग्रंथालय म्हणजे ज्ञानाची पँडोराची पेटी’ असलं वाक्य हल्ली सर्रास दिसतं. लिहिणाऱ्याच्या मनात अलीबाबाची गुहा असते. पँडोराच्या पेटीत खजिना नाही, आणि उघडल्यावर ती पुन्हा मिटून भागत नाही. एका गावाची हद्द बदलली की शेजारची दहा गावं तक्रारी घेऊन उभी राहतील, अशा जागी ती शोभते. नुसता गोंधळ झाला असेल तर गोंधळच म्हणावं. आणि मुद्दाम कुरापत काढून संकट ओढवून घेतलं असेल, तर आग्या मोहोळावर दगड मारला म्हणावं.