आजीची पितळेची भांडी नुसती पडून आहेत, कल्हईवाला मिळत नाही. मोडीत देऊन स्टीलचा सेट घ्यावा का?

देऊ नका. एवढंच लिहून उठणार होते, पण तुमचं ते ‘नुसती पडून आहेत’ वाचलं आणि माझी भावजय आठवली. तिचेही शब्द हेच होते.

माझं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या अलीकडचं. आईकडं पितळेचं एक भगुनं होतं, पंचवीस माणसांची आमटी व्हावी एवढं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं सासरचं नाव, पुढं १९७१. रोजच्या वापरात नसायचं, पण येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, भज्जी (दाणे-भाज्यांची मिसळ भाजी) त्याच्याशिवाय होत नसे. भज्जीत चिंच पडते, म्हणून त्याआधी कल्हई हवीच. मार्गशीर्ष लागला की कल्हईवाला पारापाशी खड्डा खणून भट्टी लावायचा आणि भाता ओढायला आम्हा पोरांची भांडणं. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, कथील टेकवून चिंधीच्या बोळ्यानं फिरवलं की आतून चांदी. आंबिल मात्र मडक्यातच. कल्हई असली तरी रात्रभर आंबट पितळेत ठेवायचं नाही, ही आईची शिस्त.

१९९३ च्या भूकंपात आमचं माळवद, म्हणजे मातीच्या धाब्याचं घर, बसलं. ३० सप्टेंबर, पहाटे चारला चार मिनिटं कमी, गावानं रात्रीच गणपती बुडवलेले. आमच्या घरातली माणसं वाचली, शेजारची नाही. त्याबद्दल इथं लिहीत नाही. पुढं मलबा उपसताना गल्लीतली भांडी एकाच ढिगात निघाली. कुणाचं काय ते कोरलेल्या नावांवरनं लावलं. स्टीलचे डबे चपटे झाले होते. भगुनं एका अंगानं चेपलं होतं, पण तडा नव्हता. लातूरच्या तांबटानं ठोकून आकाराला आणलं, बूड तेवढं कललेलं राहिलं. चुलीवर ठेवताना एका बाजूला खापरीचा तुकडा सारावा लागे. पत्र्याच्या शेडमधली पहिली येळवस त्याच भगुन्यात झाली.

२०१९ ला भावानं स्वयंपाकघरात ओटा आणि ट्रॉल्या करून घेतल्या. मी पंचमीला गेले तर भगुनं दिसेना. भावजय म्हणाली, “अक्का, नुसतं पडूनच हुतं की. कल्हईवाला बी यीना गेला. मोडीत दिलं अन् ही कढई, कुकर आणला.” त्या दिवशी कुकरातलं वरण मी वाढून घेतलं नाही. दुकानदारानं काठावरचं नाव वाचलं तरी असेल का, हाच विचार डोक्यात.

मोडीचा हिशोब नीट समजून घ्या. जुनं घेताना वजनातून तूट काढतात, दर मोडीचा लावतात, आणि नवं देताना पूर्ण दर, वर घडणावळ. आमचं सात किलो पितळ गेलं आणि घरात आलं ते पातळ पत्र्याचं. नॉनस्टिक कढईचा पापुद्रा वर्षाच्या आत सुटला, कारण ती रिकामी मोठ्या आचेवर ठेवायची भावजयीला सवय. २६० अंशांच्या वर तो लेप बिघडायला लागतो. कल्हईलाही रिकामं तापणं सोसत नाही म्हणा, कथील २३२ अंशांवरच वितळतं. पण कल्हई पुन्हा लावता येते. त्या कढईला काय लावणार?

स्टील वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्याही घरात रोजचं सगळं स्टीलचंच आहे. पण पातळ बुडाच्या स्टीलमध्ये दूध लागतं, पिठलं करपतं. पितळ उष्णता स्टीलच्या कित्येक पटीनं पसरवतं, म्हणून जाड पितळी भगुन्यात वरण सगळीकडून सारखं शिजतं.

कल्हईवाला हवा असेल तर लग्नात जेवण करणाऱ्या आचाऱ्याला विचारा, त्यांची मोठी पातेली कुणीतरी करून देतच असतो. शुद्ध कथील लावतो ना, शिसं मिसळत नाही ना, हे आधी विचारून घ्या. तोवर भांड्यांत ज्वारी भरून ठेवा. आणि हे खरं तर वरच सांगायला हवं होतं: आतली कल्हई उडालेली असेल तर कढी, सार, चिंचेची आमटी त्यात अजिबात करू नका. आंबटानं पितळ अन्नात उतरतं, कळकतं. मळमळ, उलट्या होतात. घरात लहान मूल असेल तर विषाची परीक्षा नको.

आणखी एक. ते भगुनं आईनं आधी मलाच देऊ केलं होतं, २००४ मध्ये. “बाई, न्हे की हे, तुलाच हुईल.” मी संभाजीनगरला दोन खोल्यांत राहायचे. एसटीत कुठं ठेवू, घरात कुठं ठेवू, असं म्हणून नाही नेलं. आता मी विषय काढला की भावजय एवढंच म्हणते, “मग तव्हाच न्यायचं हुतं की, अक्का.”

यावर मला बोलता येत नाही. पण ती कढई तिनं गेल्या वर्षी भंगारात घातली, आणि आलेल्या पैशात दोन कप चहासुद्धा झाला नसता.