प्रार्थना सुचत नाही, मॅडम

‘जोडीदार आजारी असताना माझा विश्वासच कमी पडतोय का?’ मी समुपदेशक; ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा खालच्या आवाजात येतो. (पुढे एका जोडप्याबद्दल लिहितेय ते दोघांना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून.)

ते पन्नाशीचे. पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून 3 वेळा डायलिसिस, दर वेळी साधारण 4 तास. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, प्रार्थना चालवणारे, आजाऱ्यांच्या घरी जाणारे म्हणून सगळे त्यांना ओळखत. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे सरकवली. सुरुवातीची पानं प्रार्थनेच्या विषयांनी भरलेली. कुणाची परीक्षा, कुणाचं बाळंतपण, कुणाची नोकरी. मग एका पानावर पट्टीने रकाने आखलेले, आणि तिथून पुढे नुसते आकडे. डायलिसिसआधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, दिवसभरात प्यायलेलं पाणी मिलिलिटरमध्ये.

“आता प्रार्थना सुचत नाही, मॅडम. तिच्यासमोर करतो, मोठ्याने करतो. पण आत काही नसतं. मंडळीतले एक जण म्हणाले, विश्वास पक्का असता तर मशीनची वेळच आली नसती.”

असलं काही ऐकलं की मला राग येतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलंच होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? त्याने दोन्ही नाकारलं. पण हे मी बोलले नाही. मीही ख्रिस्ती घरातली, तरी या खोलीत वचनं ऐकवायचं टाळते. समोरच्याला ती माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात. मी विचारलं, झोप किती होते?

तीन-चार तास. तीही तुटक. वर्षभर.

निम्मं दुखणं तिथेच होतं. त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं, आणि आठवड्यातली एक पाळी मेहुणीने घ्यायची असं ठरलं. याला त्यांची तयारी नव्हती, बरेच दिवस गेले.

तिसऱ्या भेटीला पत्नी आल्या. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हे उशाशी बसून म्हणतात, प्रभू तुला बरं करणारच. मी आमेन म्हणते. मग मला भीती वाटते, हे सांगायचं कुणाला?”

त्यांनी मान खाली घातली. तिला धीर मिळावा म्हणून हे स्वतःची भीती झाकत होते, आणि यांचं मन मोडू नये म्हणून ती तिची.

मी त्यांना विचारलं, उपासनेत तुम्ही कधीच वाचत नाही असं स्तोत्र कोणतं? ते पहिल्यांदा हसले. “88 वं. शेवटच अंधारात होतो त्याचा.” विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी आशा डोकावते, यात नाही. मग ते लिहिणाऱ्याचा विश्वास होता की नव्हता? थोडं थांबून म्हणाले, “बोलतोय तर देवाशीच की, शेवटपर्यंत.”

पत्नीनेच पुढचं काढलं. मार्कच्या शुभवर्तमानातला पक्षघाती, छप्पर उघडून त्याला खाली सोडणारे चौघे. येशूने विश्वास पाहिला तो त्या माणसांचा. “तुम्ही यावर किती वेळा बोललात! आणि दर वेळी त्या चौघांतले एक होऊन. आता आपण खाटेवर आहोत.”

त्या आठवड्यात त्यांनी पाळकांना स्पष्ट सांगितलं, सध्या मला प्रार्थना जमत नाही, तुम्ही करा. औषधं, डायलिसिस, पाण्याचं माप यात कुणाचं काही ऐकणार नाही, हेही सांगितलं. ते मशीनवाले गृहस्थ नाराज झाले म्हणे. होऊ देत.

शेवटच्या भेटीत मी वही मागून घेतली. पाण्याच्या शेजारी नवा रकाना होता, अक्षर तिचं. ‘आज प्रार्थना कुणी केली.’ आठवड्याच्या सात ओळींत त्यांचं नाव एकदाच होतं, तिचं दोनदा.