माझ्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. टाचेच्या ऑपरेशनसाठी त्याला भूल देता येईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, चवड्यांवर चालतो, आणि टाचेमागची आखडलेली दोरी (स्नायूबंध) लांबवायचं ऑपरेशन "अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी" असं तुम्हाला सांगितलंय. मी भूलतज्ज्ञ आहे. ड्युशेन म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार. त्यात भूल देता येते. फक्त ती नेहमीची भूल नसते, आणि संध्याकाळी घरी जायचं तर डोक्यातून काढूनच टाका.

भीती मुख्यतः दोन गोष्टींची. पहिली सक्सामेथोनियम, म्हणजे आमच्या बोलण्यातलं स्कोलीन. घशात नळी घालताना स्नायू झटकन सैल पडावेत म्हणून हे इंजेक्शन वापरतात. एरवी त्याने रक्तातलं पोटॅशियम जेमतेम अर्ध्या एककाने वाढतं. ड्युशेनमध्ये डिस्ट्रोफिन हे स्नायूपेशींना बळकटी देणारं प्रथिन नसल्याने स्नायूपेशींचं आवरणच कच्चं असतं. स्कोलीन दिलं की पेशी फुटून पोटॅशियमचा लोंढा रक्तात येतो आणि हृदय थांबू शकतं. वरवर धडधाकट दिसणारी, निदान न झालेली मुलं अशी टेबलावर गेली, म्हणून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत या औषधावर लहान मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला गेला.

दुसरी भीती गॅसच्या भुलीची. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन यांनीही हे स्नायू विरघळू शकतात, कधी ऑपरेशन संपल्यावरसुद्धा. म्हणून आम्ही मशीनवरचे व्हेपोरायझर, म्हणजे गॅसच्या भुलीच्या बाटल्या, काढतो, जोराच्या ऑक्सिजनने मशीन धुऊन घेतो आणि सगळी भूल शिरेतून देतो. प्रोपोफॉल, ते दुधासारखं पांढरं औषध. पण मग मास्क लावून झोपवता येत नाही, सुई आधीच टोचावी लागते. हातावर सुन्न करणारं मलम तासभर आधी लावायला सांगा, मुलाचं अर्धं रडणं वाचेल.

नेटवर तुम्हाला 'मॅलिग्नंट हायपरथर्मिया'ही सापडेल, म्हणजे याच भुलीच्या औषधांनी अंग एकदम तापून स्नायू बिघडण्याचा आजार. चित्र सारखं दिसतं म्हणून पूर्वी दोन्ही एकच समजत. तो आजार वेगळा, त्याचा जीन वेगळा.

मला स्वतःला या आजाराने एकदा जमिनीवर आणलंय. हर्नियासाठी पाच वर्षांचा मुलगा फिटनेसला, म्हणजे ऑपरेशनआधीच्या तपासणीला, आला होता, फाइल अगदी स्वच्छ. त्याच्या हातातली खेळण्यातली गाडी खाली पडली. ती उचलून उठताना त्याने दोन्ही हात आधी गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच पायांवर चढल्यासारखा उभा राहिला. पोटऱ्या पाहिल्या, तर पैलवानासारख्या टणक. ऑपरेशन पुढे ढकललं. रजा टाकून आलेली आई चिडली, सर्जनही. चार दिवसांनी सीपीके, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात वाढणारा घटक, आला पंधरा हजारांच्या वर. एरवी तो दोनशेच्या आत-बाहेर असतो. गाडी पडली नसती तर? आजही मुलं उठताना कशी उठतात हे मी बघतोच.

तुमच्या मुलाचं निदान झालेलं आहे, म्हणजे अर्धी लढाई इथेच जिंकली. भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या दिवशी नव्हे, दोन-तीन आठवडे आधी भेटा. हृदयाचा इको ताजा हवा, कारण हृदय हाही स्नायूच, आणि जो मुलगा धावतच नाही त्याला दम लागतोय हे कळणार कसं? फुंकून करायची फुप्फुसाची तपासणीही करून घ्या. क्षमता निम्म्याखाली असेल तर बायपॅपची, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची, सवय ऑपरेशनच्या आधीच लावलेली बरी. तो डेफ्लाझाकॉर्ट किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं घेत असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. त्या दिवशी उलट वरून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड द्यावं लागू शकतं. मुलांचा आयसीयू असलेलं हॉस्पिटलच निवडा आणि रात्रभर देखरेखीचं आधीच ठरवून घ्या. शुद्धीवर आल्यावर ऑक्सिजनचा आकडा छान दिसतो, पण श्वास उथळ असेल तर कार्बन डायऑक्साइड गुपचूप साचत राहतो. खोकला काढायची ताकद कमी, त्यात वेदनाशामकाची गुंगी. जागेवरच नस सुन्न करणारं इंजेक्शन दिलं तर ती गुंगी बरीच टळते.

आणि एक करा. अशा मुलांची हाडं ठिसूळ होतात, मध्यरात्री पडून मांडी मोडली तर कुठल्याही कॅज्युअल्टीत जावं लागेल. त्याच्या दप्तरात आणि तुमच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ड्युशेन आहे, स्कोलीन नको, गॅसची भूल नको. हा आजार आईकडून मुलग्यांत येऊ शकतो, म्हणून धाकटा भाऊ असेल, किंवा तुमच्या बहिणीला मुलगे असतील, तर त्यांच्याही सीपीकेबद्दल डॉक्टरांना विचारा.