जिमवाल्या मुलाला रोज चिकन द्यायचं का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही नंदनवनला राहतो. मुलगा १९ वर्षांचा, वजन ६० किलो, दोन महिन्यांपासून जिमला जातोय आणि आता म्हणतो मला रोज चिकनच पाहिजे, वरणात काही प्रोटीन नसतं. सासूबाई माळकरी, त्यांचं सगळं वेगळं, रोज दोन दोन स्वयंपाक मला झेपत नाही आणि खर्चही परवडत नाही. वरणात खरंच काही नसतं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, मुलाचं अर्धं बरोबर आहे. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं, कच्च्या चिकनमध्ये २० च्या आसपास, पण चिकन शिजल्यावर आटतं आणि डाळ पाणी पिऊन फुगते, त्यात आपण वरण इतकं पातळ करतो की एका वाटीत १५-२० ग्रॅमच डाळ येते, म्हणजे प्रोटीन जेमतेम ४ ग्रॅम. म्हणून आधी डाळ वाढवा, त्याच्या एकट्याच्या वाट्याला दोन्ही जेवणांत मिळून ६० ग्रॅम कोरडी डाळ यायला पाहिजे.

साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, जिम करणाऱ्याला सव्वा ग्रॅम धरा, म्हणजे त्याला ७५ ग्रॅम. आता बघा, डाळीचे १३, सहा पोळ्यांचे १६, दोन अंड्यांचे १२, वाटीभर दह्याचे ५, ग्लासभर दुधाचे ८, मूठभर फल्लीदाण्याचे ७ आणि ३० ग्रॅम सोयाबीन वडीचे १५. झाले की ७६! अंडी घरात चालत नसतील तर तेवढं पनीर किंवा बेसन वाढवा. ती वडी मात्र सोडू नका, आपल्या विदर्भात एवढं सोयाबीन पिकतं आणि आपल्याच ताटात येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

डाळीत एक कमी असते, मेथिओनिन नावाचा घटक, तो गहू, ज्वारी, तांदळात असतो आणि त्यांच्यात जो लायसिन कमी तो डाळीत भरपूर, म्हणून गोळाभात किंवा झुणका-भाकर खाल्ली की दोन्ही भरून निघतात.

चिकन बंद करा असं मी म्हणणार नाही, त्याचं प्रोटीन पचायला चांगलं असतं, रविवारी करा ना. फक्त रोज सावजी नको, त्या तर्रीतलं तेल रोज पोटात जाणं बरं नाही. आणि त्याच मसाल्यात सासूबाईंसाठी पाटोडी रस्सा करा, मसाला एकदाच वाटायचा, दोन गंज वेगळे ठेवायचे, तुमची निम्मी मेहनत वाचेल.

सासूबाईंचं दूध-दही मात्र रोज चालू ठेवा, बी १२ डाळी-भाज्यांतून मिळत नाही. त्यांना हातापायाला मुंग्या येत असतील किंवा फार थकवा वाटत असेल तर डॉक्टरांना सांगून बी १२ ची रक्ततपासणी करून घ्या.