सीएनजी गाडीला इरिडियम प्लग टाकावेत का?

साठ हजार किमी झालेली सीएनजी गाडी, रोज बोरिवली ते अंधेरी, आणि गॅरेजवाला म्हणतोय टोकाला इरिडियम धातू असलेले स्पार्क प्लग टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल. टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

अ‍ॅव्हरेजसाठी टाकू नका. झिजलेले प्लग काढून नवे साधे निकेलचे टाकलेत तरी गाडी तेवढीच खूश होईल. इरिडियमचं काम वेगळं आहे. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४०० च्याही पुढे. म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते आणि झीज खूप सावकाश होते. सीएनजीला ठिणगी पडायला मुळात पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे प्लग झिजून गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, वाढला की गाडी पेट्रोलवर मख्खन पळते आणि सीएनजीवर मिसिंग मारते. हे होत असेल तर इरिडियमला पैसे घालायला माझी ना नाही.

पण धातूपेक्षा हीट रेंज, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते, महत्त्वाची, आणि ती कोणी विचारतच नाही. मॅन्युअलमध्ये दिलेला नंबरच घ्या. ‘ट्रॅफिकमध्ये काजळी धरते, एक नंबर गरम प्लग टाकू’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. तोच प्लग खंडाळ्याचा घाट चढताना लाल होऊन ठिणगीच्या आधीच गॅस पेटवू शकतो, मग पिस्टनची वाट. त्यात एक गंमत म्हणजे एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम. कंपनी बदलताना आकड्याला आकडा जुळवलात तर फसाल.

मी मागच्या वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही प्लग वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले. तिघांची टोकं फिकट तपकिरी, म्हणजे उत्तम. चौथ्याचंही टोक तसंच, पण वरच्या पांढऱ्या चिनीमातीवर आणि आट्यांवर तेल. दोष प्लगचा नव्हताच, टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, सील गळत होतं. नुसते नवे प्लग टाकले असते तर महिन्याभरात पुन्हा तेच. पावसाळ्यात इंजिन धुऊन घेतलंत तर तेलाऐवजी तिथे पाणी सापडेल.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवं, नाहीतर आटे खराब होतात; प्लग ज्यात बसतो ते हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. प्लगच्या डोक्याला रबरी नळीचा तुकडा लावून आधी हातानेच फिरवा. आटे चुकले तर नळी नुसती घसरते, हेड वाचतं. मग टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढंच आवळा. इरिडियमचा गॅप फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घुसवून वाकवत बसू नका, ते बारीक टोक तुटतं.

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात घ्यायला गेलात तर जुना प्लग खिशात ठेवा आणि पक्कं बिल मागा. बिल म्हटल्यावर दुकानदार इकडेतिकडे बघायला लागला, तर पुढच्या दुकानात जा.