राजकीय मिथकं आणि शेजारी देश: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: राजकीय मिथक म्हणजे सरळसरळ खोटा इतिहास, असंच ना?

नाही. बाल्कनमधल्या कोसोव्होची लढाई 1389 मध्ये खरोखर झाली. सर्ब राजपुत्र लाझार आणि ऑटोमन सुलतान मुराद, दोघेही तिच्यात मारले गेले. लढाई नेमकी कोणी जिंकली, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. लोकगीतांनी मात्र निकाल लावून टाकला: लाझारने पृथ्वीवरचं राज्य सोडून स्वर्गातलं राज्य पत्करलं आणि ती भूमी कायमची पवित्र झाली. घटना खरी, तिच्या आधारे सांगितलेला सर्बांचा कोसोव्होवरचा हक्क मागाहूनचा. बरोबर 600 वर्षांनी, 28 जून 1989 रोजी, सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोसेविच यांनी त्याच मैदानावर प्रचंड जनसमुदायापुढे भाषण केलं आणि सशस्त्र लढायांची शक्यता नाकारता येत नाही, असंही सुनावलं. पुढचं दशक युगोस्लाव्हियाच्या फुटीच्या युद्धांत गेलं, ते ठाऊकच आहे.

आता हे मिथक रोजच्या कारभारात कुठे जाऊन अडतं ते बघा. कोसोव्होने 2008 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, सर्बियाला ते मान्य नाही. मग एकमेकांच्या गाड्यांच्या नंबरप्लेट तरी कशा चालवून घ्यायच्या? 2021 मध्ये युरोपीय संघाच्या मध्यस्थीने तोडगा निघाला: हद्द ओलांडताना प्लेटवरच्या राष्ट्रचिन्हांवर स्टिकर चिकटवायचे! हसू येतं खरं, पण त्या स्टिकरमुळे वाहतूक सुरू राहिली.

प्रश्न: नेत्यांचा स्वतःचा अशा कथांवर विश्वास असतो का?

काहींचा असतो. काहींना खरं काय ते पक्कं ठाऊक असतं. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर 1918 च्या अखेरीस, जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ यांनीच सरकारकडे धोशा लावला की ताबडतोब युद्धबंदी मागा. ती बोलणी करणाऱ्या शिष्टमंडळाचं नेतृत्व एका नागरी नेत्याच्या, एर्झबर्गर यांच्या, गळ्यात पडलं. आणि पुढच्याच वर्षी युद्धकाळातले सरसेनापती हिंडेनबर्ग चौकशी समितीपुढे म्हणाले, सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला; म्हणजे पराभवाचा दोष घरच्यांचा. सेनापती नामानिराळे!

एर्झबर्गर यांचा 1921 मध्ये खून झाला. पुढच्या वर्षी परराष्ट्रमंत्री राथेनाऊ यांचाही. राथेनाऊ ज्यू होते, मारेकऱ्यांच्या लेखी तोही गुन्हाच होता. पण जेत्यांशी बोलून, शक्य तेवढ्या अटी पाळून मार्ग काढायचं धोरण हाही दोघांवरचा राग होता. मिथकाचा परराष्ट्र धोरणावरचा सर्वांत घातक परिणाम मला हाच वाटतो: समोरच्याशी बोलणारा आपला माणूस घरात गद्दार ठरतो. तरीही जर्मन परराष्ट्रमंत्री श्ट्रेझेमान यांनी 1925 मध्ये जुन्या शत्रूंशी सीमांबाबत लोकार्नोचे करार केले, हे विशेष.

प्रश्न: पुरावे देऊन मिथक खोडून काढलं तर भांडण मिटेल?

मला नाही वाटत. ग्रीस आणि मॅसिडोनिया पाव शतकाहून अधिक काळ ‘मॅसिडोनिया’ या एका नावावरून भांडले. त्यामागे अलेक्झांडर कोणाचा, हा वाद होताच. मॅसिडोनियाची राजधानी स्कोपये हिच्या विमानतळाला त्याचं नाव दिलं गेलं, ग्रीसने 2008 मध्ये मॅसिडोनियासाठी नाटोचं दार अडवलं. पुरातत्त्वाच्या पुराव्यांनी कोणीही तसूभर हललं नाही. शेवटी 2018 मध्ये प्रेस्पा करार झाला, कारण मॅसिडोनियाला नाटो आणि युरोपीय संघाची आशा होती आणि ग्रीसला त्याच्या नावात ‘उत्तर’ जोडून घेतल्याचं समाधान. विमानतळाचं नाव बदललं. मॅसिडोनियातल्या सार्वमताला मात्र जेमतेम 37 टक्के मतदार आले; दोन्हीकडे करारावर राग होताच. 2020 मध्ये उत्तर मॅसिडोनिया नाटोत गेला. त्याच वर्षी भाषा आणि इतिहासाच्या मुद्द्यावर बल्गेरियाने त्याच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाच्या बोलण्यांना खीळ घातली. घ्या!

प्रश्न: सहकार्याला उपयोगी पडणारी मिथकंही असतात का?

असतात की. युरोपीय संघाचंच घ्या. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमान यांनी 9 मे 1950 रोजी कोळसा आणि पोलाद एकत्र सांभाळायचा प्रस्ताव मांडला, त्यातून पुढे शांततेचा प्रकल्प उभा राहिला, अशी ही कथा. ती खरी आहे, पण अर्धी. संघाचा पाया घालणाऱ्या 1957 च्या रोम करारात अल्जीरियाचा उल्लेख आहे, कारण फ्रान्स तेव्हा तो आपलाच भाग मानत होता आणि तिथे युद्ध पेटलेलं होतं. हा भाग समारंभांत सहसा कोणी काढत नाही. ही कथा मोडीत काढा असं मी म्हणणार नाही, पण ती ऐकताना अल्जीरिया लक्षात असू द्यावा.

प्रश्न: शाळेची पुस्तकं बदलली तर?

बदलावीतच, पण क्रम उलटा असतो. फ्रान्स आणि जर्मनी यांचा मैत्री करार 1963 चा. त्याच वर्षी तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी संयुक्त कार्यालय निघालं. दोन्ही देशांचं इतिहासाचं सामाईक पाठ्यपुस्तक आलं थेट 2006 मध्ये, आणि त्याची मागणी 2003 मध्ये बर्लिनला जमलेल्या दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी केली होती.